देवघरावरची डबी

हृषिकेश साने म्हणजे उष्णतेतला तज्ज्ञ. मेलबर्नमधल्या मोठमोठ्या इमारती उबदार राहाव्यात म्हणून तो दिवसभर गणितं मांडायचा आणि पॉइंट कुक या उपनगरातल्या स्वतःच्या घरी दोन स्वेटर चढवून कुडकुडत चहा प्यायचा. गेल्या जुलैत, तिथल्या ऐन हिवाळ्यात, पुण्याहून आलेली आई दुखरे गुडघे चोळत बसली आणि ठरल्याआधीच परत गेली. "यंदा घर गरम करतो, तू ये तरी," असा त्याने तिला शब्द दिला होता.

मग हीटर निवडताना त्याने इतका कीस पाडला की बायको, सुचित्रा, म्हणाली, "अरे, माझ्याशी लग्न ठरवताना एवढा रिसर्च नव्हता केलास!" तापमान ओळखून हीटर चालू-बंद करणारी डबी, म्हणजे थर्मोस्टॅट, कुठे लावायची यावर त्याने बसवायला आलेल्या माणसाला लेक्चरच झोडलं. ऊन नको, वारा नको, भिंत घराच्या मधोमध हवी. "नो वरीज, मेट," म्हणत त्या माणसाने ती तिथेच लावली.

आई आली. दिवसभर घर छान उबदार असायचं, पण दिवेलागण झाली की हीटर गप्प. हृषिकेश मॅन्युअल घेऊन माळ्यावर चढला, जळमटं डोक्यावर घेऊन उतरला, कंपनीच्या माणसांशी भांडला. आई शाल गुंडाळून म्हणायची, "मला कुठे थंडी वाजतेय?" शेवटी तीच म्हणाली, "माझं तिकीट अलीकडचं कर बाबा. तुझ्या जिवाला घोर नको." त्याला फार वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी हरलेला तज्ज्ञ मुकाट्याने देवासमोर हात जोडून उभा राहिला. देवघर नुसतं उजळलं होतं.

"आई, एवढी निरांजनं?"

"तुझा हीटर चालावा म्हणून. एकाने गुण येईना, मग रोज एकेक वाढवत गेले."

त्याने वर पाहिलं. देवघराच्या बरोब्बर वर ती डबी. डबीच्या मते घर चोवीस अंश तापलं होतं. आईला खाली बसता येत नाही म्हणून देवघर त्या भिंतीवर, उभ्याने पूजा होईल अशा उंचीवर, त्यानेच टांगलं होतं. गरम हवा वर जाते, हे शिकायला त्याने दोन पदव्या घेतल्या होत्या.

त्याने सांगितलेलं ऐकून आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. निरांजनं तिने हलक्या हाताने टेबलावर आणून ठेवली. थोड्याच वेळात हीटरच्या जमिनीतल्या जाळीतून ऊब यायला लागली. तिने पाय तिकडे पसरले.

"तिकीट राहू दे आता," ती म्हणाली. "पण देवघर हलवायला दुसऱ्या कुणाला तरी बोलाव."