रुद्राणीच्या थापा

ईश्वरप्पा सोलापुरातल्या एका गिरणीच्या इंजिनघरात फिटर होते. पंधरा वर्षांच्या धडधडाटात त्यांचे कान गेले. घरी मात्र ते ‘जरा कमी ऐकू येतंय’ एवढंच सांगत. १९३१ च्या दिवाळीनंतर मॅनेजरनं त्यांना गोदामात जुने बोल्ट निवडायला बसवलं, तेव्हा त्यांची बायको रुद्राणी धास्तावली. नवरा कामावरून यायचा आणि भिंतीकडं बघत बसायचा.

एक दिवस ते बैलगाडीत घालून मोडकी फटफटी घेऊन आले. गिरणीचा गोरा इंजिनिअर विलायतेला जाताना ती त्यांना देऊन गेला होता. टायर कुजलेले, टाकीला भोकं, मडगार्डखाली उंदरांचं घरटं.

"ही चालू करतो," ते म्हणाले. "मग बघू, मला फिटर न्हाई कोण म्हणतंय."

रुद्राणीला त्या यंत्राची भीती वाटली. ते चालू झालं नाही तर या माणसाचं काय होईल, याची त्याहून जास्त वाटली. तिनं अंगण मोकळं करून दिलं. कपडे वाळायचे तिथं आता रॉकेलच्या घमेल्यात पिस्टन भिजू लागला.

दोन महिन्यांनी इंजिन धडधडलं. ईश्वरप्पांनी टाकीवर तळहात ठेवून विचारलं, "कसं वाजतंय?"

"आत कायतरी टकटक व्हतंय की!"

त्यांची नजर इंजिनावर होती, त्यांना कळलं नाही. तिनं त्यांच्या खांद्यावर दोनदा थाप मारून नकारार्थी मान हलवली. त्यांनी इंजिन बंद करून उघडलं. तेव्हापासून खूणच ठरली. आवाज नीट असेल तर एक थाप, बिघाड असेल तर दोन.

मग त्यांनी वेताच्या खुर्चीचे पाय कापून ती लोखंडी सांगाड्यावर बसवली, तिसरं चाक लावलं आणि फटफटीच्या डाव्या बाजूला जोडली. "रस्त्यात बिघाड झाला तर सांगणार कोण? तू बस."

पहिलीच फेरी वळसंगला, तिच्या माहेरी. कुंभारी गाव मागं पडलं तशी खुर्चीला धरलेली रुद्राणीची मूठ जरा सैल झाली. इतक्यात मागून भोंगा वाजला. प्रवासी मोटार भरधाव येत होती आणि ईश्वरप्पा रस्त्याच्या मधोमध होते. तिनं घाबरून त्यांच्या खांद्यावर थापा मारल्या. इंजिन बिघडलंय असं समजून ते खाली वाकून बघू लागले.

"निल्री! अवो, निल्री!" ती कन्नडमध्ये ‘थांबा’ म्हणत किंचाळली. मग तिनं हँडल धरून आपल्याकडं ओढलं. फटफटी बाभळीखालच्या खड्ड्यात गेली. मोटार धूळ उडवत निघून गेली.

ईश्वरप्पांचं कपाळ फुटलं होतं. ते त्या धुळीकडं बघतच राहिले.

"एवढा मोठा भोंगा! ऐकू आला न्हाई?" त्यांना खांद्याला धरून आपल्याकडं वळवत तिनं विचारलं.

"मला काईच ऐकू येत न्हाई," ते हळू म्हणाले. "दोन वर्सं झाली. तुजा आवाजसुदिक न्हाई. तोंडाकडं बघून वळखतो."

दोन वर्षं आपण चुलीकडं तोंड करून किती बोललो, हे रुद्राणीला आठवलं. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि सावकाश म्हणाली, "तीन थापा म्हंजी गाडी बाजूला घ्यायची. कळलं?"

त्यांनी मान हलवली.

इंजिनघरात त्यांना परत कुणी घेतलं नाही. वळसंगला मात्र फटफटी बघून एका बागायतदारानं विहिरीवरचं बंद इंजिन दाखवलं. ईश्वरप्पांनी ते उघडून चालू केलं, रुद्राणीनं आवाज ऐकून थापांनी सांगितलं आणि ते नीट चालू लागलं. पुढं वर्षभरात लांबच्या मैंदर्गी गावापर्यंतची बोलावणी येऊ लागली आणि गोदाम सुटलं. लोक कौतुक करत, पण प्रत्येक फेरीत ती मागं वळून बघत राही. मान अवघडली तरी बघे.

एकदा ती तापानं फणफणली होती. ईश्वरप्पा म्हणाले, "आज मी एकलाच जातो." तिनं गोधडी अंगाभोवती गुंडाळली आणि बाहेर जाऊन फटफटीच्या खुर्चीत बसली.