विलिकेसाचं कुलूपबंद कपाट

दूर समुद्रातल्या बेटांच्या एका देशात, नांदेरा वस्तीतल्या एका रस्त्यावर घरोघरी टीव्ही दारासमोरच मांडलेला असे. त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं, फुलांमागे सैन्यात गेलेल्या मुलाचा फोटो. विलिकेसाच्या बैठकीत मात्र त्या जागी एक जाडजूड लाकडी कपाट होतं आणि त्याला कुलूप होतं. येणाऱ्याला वाटे, या गड्याकडे साधा टीव्हीसुद्धा नाही. विलिकेसाला नेमकं हेच हवं होतं.

कपाटात टीव्ही होता, अ‍ॅम्प्लिफायर होता आणि कमरेएवढे दोन स्पीकर होते. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर वायरमन म्हणून राबून त्याने ते एकेक करून आणले होते. त्याआधी आणलेला रेडिओ चुलतभावाने नेला होता आणि टेपरेकॉर्डर बायकोच्या मावशीने. चोरून नव्हे, मागून. पाहुणा एखाद्या वस्तूकडे बघून "छान आहे हं" म्हणाला की ते मागणंच झालं. याला केरेकेरे म्हणतात, आणि मागितल्यावर नाही म्हणणारा चारचौघांतून उठतो. विलिकेसाच्या तोंडून काही केल्या 'नाही' निघत नसे. मग मागण्याजोगं काही कुणाला दिसूच द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. तोंडाला जमत नव्हतं ते काम त्याने कुलपाला सांगितलं.

"अहो, लग्नाच्या मुलीला कोंडावं तसं कोंडलंय तुम्ही ते," बायको आकोसिता म्हणे. "बाहेर काढा. मी छान रुमाल विणलाय त्यावर घालायला."

"छान म्हणू नकोस."

"आता बायकोचाही संशय?"

"तुझ्या मावशीने टेपरेकॉर्डर नेला तेव्हा आधी छानच म्हटलं होतं."

बंद कपाटात ओल धरते म्हणून आत तो एक लहान बल्ब सतत पेटता ठेवी. दुपारी दार-खिडक्या लावून दोघं अगदी बारीक आवाजात भजनं ऐकत किंवा रग्बी बघत. गुण मिळाले तर आकोसिता तोंडावर उशी दाबून ओरडे.

असं सुरळीत चाललं होतं, तोवर कंदावू बेटावरून बहिणीचा मुलगा इसिमेली आला. चांगला तीस वर्षांचा सुतार. पायाची जखम चिघळली होती, सहा आठवडे दवाखान्यात ड्रेसिंगसाठी जायचं होतं. दुसरा कुणी असता तर विलिकेसाने सहन केलं असतं. पण बहिणीचा मुलगा म्हणजे वासू. त्याला मामाच्या घरात मागावंही लागत नाही, नुसतं उचलायचं. विलिकेसाने किल्ली सुतळीत ओवली आणि गळ्यात घातली.

पहिल्याच संध्याकाळी अळूच्या पानांची भाजी खाता खाता इसिमेली म्हणाला, "मामा, कपाटाच्या फटीतून उजेड येतोय."

विलिकेसाने घाईने घास गिळला. "गीतांची पुस्तकं आहेत आत. प्रार्थनेची. ओल धरते ना, म्हणून."

"एवढी पुस्तकं?"

"एवढीच."

इसिमेलीने मान डोलावली आणि आणखी भाजी वाढून घेतली. त्याने इतक्या सहज मान डोलावली, हेच विलिकेसाला खटकलं. खरं मानणारा माणूस चार प्रश्न तरी विचारतो.

त्या दिवसापासून तो भाच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागला. भाचा येताजाता कपाटाच्या दारावरून हात फिरवी. "सुताराची सवय आहे हो ती," आकोसिता म्हणाली. विलिकेसाच्या मते सवय वगैरे काही नव्हती, टेहळणी होती. दुसऱ्या आठवड्यात तर त्याने भाच्याला रंगेहाथ पकडलं. इसिमेली गुडघ्यावर बसून सुतळीने कपाटाची लांबी-रुंदी मोजत होता.

"काय चाललंय?"

"काही नाही मामा. काम चांगलं केलंय, ते बघत होतो."

'चांगलं' म्हणाला, 'छान' नाही. विलिकेसा ते रात्रंदिवस मनात घोळवत राहिला. यातही काहीतरी डाव असणार.

आणखी चार आठवडे असेच गेले. मग एका बुधवारी सकाळी इसिमेली ओट्यावर फोनवर आईशी बोलत होता, ते विलिकेसाला ऐकू आलं. "हो, माप तेच. बरोबर मावेल. उद्याच्या बोटीने ना? मी धक्क्यावर जातो. नाही गं, मामाला अजून काही सांगितलं नाही."

विलिकेसाला सगळा डाव कळला. लितिया, सख्खी बहीण, तीही सामील! भाचा दवाखान्यात जाताच त्याने शेजारच्या बिसुनला हाक मारली. बिसुन जुना शिंपी, हिंदुस्तानी माणूस. त्याच्याकडे केरेकेरेची भानगड नाही.

"चार दिवस ठेव फक्त," विलिकेसा घामाघूम होऊन स्पीकर उचलत म्हणाला.

"ठेवतो ना. पण मी काही कपाटात कोंबणार नाही बाबा. वस्तू लपवली की लोकांना वाटतं चोरीचीच आहे." बिसुनने ते सगळं आपल्या बैठकीत मांडलं आणि टीव्हीला झेंडूची प्लॅस्टिकची माळ घातली.

गुरुवारी दुपारी इसिमेली धक्क्यावरून आला, तो काखेत एक गुंडाळी घेऊन. कडेला लाल-हिरवी लोकर लावलेली, बारीक विणीची लहान चटई होती ती.

"आईने पाठवलीय," तो म्हणाला. "मी तिला पुस्तकांचं सांगितलं होतं. ती म्हणाली, देवाची पुस्तकं नुसत्या फळीवर कशी ठेवायची? महिनाभर विणत होती. उघडा मामा, अंथरतो."

विलिकेसाचा हात गळ्यातल्या किल्लीवर तसाच राहिला. आकोसिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली. शेवटी त्याने कुलूप काढलं.

आत बल्ब पेटलेला होता. बाकी काही नव्हतं. एक पुस्तक नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच बिसुनच्या घरातून, भिंत हादरेल अशा आवाजात, रग्बीचा सामना सुरू झाला. पलीकडे अर्धी गल्ली जमली असावी.

इसिमेलीला हसू आलं नाही की रागही आला नाही. त्याने चटई उलगडली, फळीवर अंथरली, चारी कोपरे दाबले. तसूभरही कमी-जास्त नव्हती.

"तुला माहीत होतं," विलिकेसा कसाबसा म्हणाला.

"दवाखान्यातून मी लवकर यायचो मामा. भजनं ऐकू यायची. मग ती थांबेपर्यंत फणसाखाली बसायचो. तुम्हाला घाईने बंद करायला लागू नये म्हणून."

"मग आईला पुस्तकं आहेत असं का सांगितलंस?"

"तुम्ही पुस्तकं म्हणालात ना. तुम्हाला खोटं कसं पाडायचं?"

विलिकेसा बाहेर गेला. अगदी भर दुपारी, अर्ध्या गल्लीच्या देखत, सामना चालू असताना त्याने बिसुनच्या घरातून टीव्ही उचलला. लोक ओरडले, बिसुन माळ सांभाळत मागे धावला. टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर, दोन्ही स्पीकर त्याने कपाटावर आणि कपाटासमोर मांडले. घराचं दार सताड उघडं ठेवलं. आकोसिताने रुमाल आणून घातला. गल्ली मागोमाग आत आली, आणि सामना सगळ्यांनी मिळून तिथेच पाहिला. इसिमेली सगळ्यांत जोरात ओरडत होता.

लोक गेल्यावर विलिकेसा त्याच्याजवळ बसला.

"माग," तो म्हणाला.

"काय मामा?"

"वासू आहेस तू माझा. उचल. नाहीतर माग तरी. परवाची बोट आहे, मी स्वतः बांधून देतो."

इसिमेलीने जमिनीकडे बघितलं. "आईने निघताना सांगितलं होतं, मामाकडे काही मागू नकोस. त्याला आवडत नाही. आता आम्ही कुणीच मागत नाही, मामा. किती वर्षं झाली."

इतकी वर्षं विलिकेसाला वाटत होतं की कुलपाने त्याला लोकांपासून वाचवलं. लोकांनी तर मागणं कधीच सोडलं होतं. मागायचं ते आपल्या माणसाकडे, आणि सख्ख्या बहिणीने त्याला त्यातून वगळलं होतं.

शनिवारी पहाटे इसिमेलीने पिशवी खांद्याला लावली. विलिकेसा टीव्हीवरची धूळ पुन्हा पुन्हा पुसत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"छान आहे ना रे?" त्याने विचारलं. आवाज अगदी काकुळतीला आला होता.

इसिमेलीने टीव्हीकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, मग खाली उघड्या कपाटाकडे.

"चटई नीट बसलीय, मामा," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला.