ट्रेलर आत वळला पाहिजे

नगररचना विभागात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने एका मोठ्या इमारतीचा जिना कागदावर दाखवलाय त्यापेक्षा दीड वीत अरुंद असल्याचं जागेवर टेप लावून दाखवलं होतं. तेव्हा चिकटलेलं नाव तीस वर्षं झाली तरी सुटलं नव्हतं. साहेब आले, बदलून गेले, संगणक आले, जुनी कपाटं गेली. मोजणीबाई मात्र खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी, चष्मा कपाळावर चढवून, नकाशावर पट्टी फिरवत बसलेली असायची. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि तिला त्याची घाई नव्हती.

वडील बसचालक होते. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याबरोबर आगारात जायची आणि बस मागे घेताना बाजूला उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या, बस" असं ओरडायची. गाडीचं पुढचं चाक जिथून जातं तिथून मागचं जात नाही, ते आतून कापत जातं, हे तिला शाळेतल्या भूमितीच्या आधी कळलं होतं.

तर एके दिवशी तिच्या टेबलावर एक फाइल आली. चौकाच्या कोपऱ्यावर जिथे पूर्वी फरशांचा कारखाना होता, त्या प्लॉटवर मोटारींची नवी शोरूम होणार होती. पुढे काचेचं दालन, मागे वर्कशॉप, आणि बेचाळीस गाड्यांचं पार्किंग. फाइल घेऊन आर्किटेक्ट स्वतः आला होता. तरणाबांड, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलण्यात अजिबात अडखळणं नाही.

"बाई, सगळं नियमात आहे. पार्किंग तर गरजेपेक्षा दोनने जास्तच आहे."

मोजणीबाईने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पेन्सिलीच्या टोकाने चौकोन मोजायला लागली.

"हे पुढचे बारा कुणाचे?"

"नव्या गाड्यांचे. विक्रीच्या."

"म्हणजे दुकानातल्या मालाचे. आणि हे सहा?"

"ते टेस्ट ड्राइव्हच्या गाड्यांचे."

"राहिले चोवीस. त्यात गिऱ्हाईक, कर्मचारी आणि दुरुस्तीला आलेल्या गाड्या. कर्मचारी किती?"

"पस्तीस," आर्किटेक्ट म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मोजणीबाईची पट्टी आता फाटकापाशी दाखवलेल्या एका लांबट आयतावर थांबली होती. नव्या मोटारी घेऊन येणारा तो ट्रेलर होता. तिने तो दोनदा मोजला.

"ही नऊ मीटरची गाडी. मोटारी वाहणारा ट्रेलर अठरा मीटरचा असतो. हा अर्धा कुठे मिळाला तुम्हाला?"

"ते प्रतीकात्मक आहे, बाई."

"बरं. मग खरा आला की तो कुठून आत जाणार?"

त्याने नकाशाकडे पाहिलं. "मी बघून सांगतो," तो म्हणाला आणि गुंडाळी करून निघाला.

दरम्यान नियमाप्रमाणे प्रस्तावाची नोटीस लागली आणि हरकती-सूचनांसाठी पंधरा दिवसांची मुदत सुरू झाली. प्लॉटच्या बाजूला एक अरुंद गल्ली होती. तिच्या तोंडाशी एका शिवणकामवालीचं दुकान आणि पुढे पंचवीस-तीस घरं. आपल्या दारात आता मोटारींची रांग लागणार या विचाराने गल्लीचं डोकं फिरलं होतं. निवृत्त मास्तरांनी चार पानांची हरकत पाठवली, त्यात हवा, आवाज, संस्कृती आणि येणारी पिढी असं सगळं होतं. शिवणकामवालीने एकच ओळ लिहिली होती: कामाला येणारी माणसं त्यांच्या गाड्या कुठे लावणार? मोजणीबाईने मास्तरांची चारही पानं नीट वाचली, आणि शिवणकामवालीच्या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली.

त्या आठवड्यातल्या रविवारी धाकटे दीर घरी आले. मोटार दुरुस्तीतला कसलेला माणूस, पण ज्या गॅरेजमध्ये वीस वर्षं घालवली ते मालकाने बंद केलं होतं. सासूबाईंची विचारपूस झाली, चहा झाला, आणि नवरा पेपर आणायला खाली उतरल्यावर त्यांनी विषय काढला.

"वहिनी, त्या शोरूमची फाइल तुमच्याकडे आहे म्हणे."

"आहे."

"मी तिथे अर्ज केलाय. वर्कशॉप सांभाळायला माणूस हवाय त्यांना." त्यांनी बशीत कप फिरवला. "अडवू नका असं मी म्हणत नाही. पण किती दिवस लागतील?"

मोजणीबाईला दिरांचा राग आला नाही. हा माणूस तिच्याकडे आजवर काही मागायला आला नव्हता, आणि आताही मागताना त्याची मान खाली होती. पण आता फाइल मंजूर केली तर लोक म्हणणार, दिराची सोय केली. नामंजूर केली तर घरातले म्हणणार, आपल्याच माणसाच्या पोटावर पाय दिला. आणि कुणीच काही म्हणालं नाही तरी ती स्वतः स्वतःला विचारणार होतीच.

"भाऊजी, मला एक सांगा," ती म्हणाली आणि लगेच थांबली. "नाही, नका सांगू."

"काय विचारत होतात?"

"वर्कशॉपला जागा किती लागते ते. पण ते मला घरात ऐकायचं नाही."

दीर हसले. "त्यात लपवण्यासारखं काय आहे? गाडी दुरुस्त होते दोन तासांत. पार्ट यायची वाट बघत उभी राहते चार दिवस. तेवढी जागा कुणीच धरत नाही, मग रस्ता भरतो."

"मग हेच कागदावर लिहा आणि मुदतीत कार्यालयात द्या. पोच घ्या."

"अहो वहिनी, ज्यांच्याकडे नोकरी मागतोय त्यांच्याच विरुद्ध हरकत देऊ?"

"हरकत कशाला, सूचना द्या. आणि देऊच नका, तुमची मर्जी. मी विचारणार नाही."

आतून सासूबाई म्हणाल्या, "सरकारी खातं आपल्या दिवाणखान्यात कधीपासून भरायला लागलं?" त्यावर दोघंही हसले आणि विषय तिथेच राहिला.

सोमवारी सकाळी मोजणीबाईने साहेबांसमोर एक अर्ध्या पानाचं टिपण ठेवलं. माझ्या सख्ख्या दिरांनी या शोरूममध्ये नोकरीसाठी अर्ज केला आहे, सबब या प्रकरणात माझ्या शेऱ्यावर अवलंबून राहू नये.

साहेब नवे होते, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी टिपण वाचून कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही बाजूला झालात तर हे वळण-फिळण तपासणार कोण? मला स्वतःला मोटारसायकल वळवताना घाम फुटतो."

"माझा शब्द नकोच, साहेब. ट्रेलरला विचारू."

"म्हणजे?"

"समोरच्या मोकळ्या मैदानावर प्लॉट पुरता आखू. फाटक, फुटपाथ, इमारत, समोरचा रस्ता, सगळं खऱ्या मापाचं. खरा ट्रेलर आणायला सांगू. आत गेला तर गेला, नाही गेला तर नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

साहेबांनी जरा विचार केला आणि टिपणाखाली सही करून लिहिलं, प्रत्यक्ष चाचणी घ्यावी, सर्वांना कळवावे.

शनिवारी सकाळी सात वाजताच मोजणीबाई मैदानावर हजर होती. हातात तीस मीटरची टेप, मदतीला कार्यालयातले दोन शिपाई आणि चार पोती चुन्याची फक्की. नऊपर्यंत जमिनीवर अख्खी शोरूम झोपली होती. दालनाची भिंत, सहा मीटरचं फाटक, फुटपाथची कड, पलीकडे रस्त्याचा दुभाजक. शिपायांपैकी थोरला म्हणाला, "बाई, आज शोरूमवाल्याला चांगलाच चुना लावलात तुम्ही." ती हसत हसत म्हणाली, "रेघ सरळ धरा आधी."

हळूहळू माणसं जमली. गल्लीतली दहा-बारा जण, सर्वांत पुढे मास्तर, जरा मागे शिवणकामवाली, गळ्यात टेप तशीच राहिलेली. आर्किटेक्ट आला. आणि शोरूमचा मालक आला. जाडजूड, शांत माणूस. त्याने कुणाशी वाद घातला नाही, रेघांच्या आत शिरला आणि जिथे त्याचं टेबल यायचं होतं तिथे जाऊन उभा राहिला. त्याला ती जागा आवडल्याचं दिसत होतं.

दहाच्या सुमाराला ट्रेलर आला. रिकामा होता तरी त्याच्या येण्याने मैदान लहान वाटायला लागलं. चालक पन्नाशीचा, अंगाने काटकुळा. खाली उतरून तो सगळ्या रेघांवरून एकदा चालून आला आणि मोजणीबाईपाशी थांबला.

"ताई, हे फाटक कुणी काढलं?"

"आधी प्रयत्न करा, दादा. मग सांगते."

पहिल्या खेपेला त्याने रस्त्यावरून सरळ डावीकडे घेतलं. पुढचं तोंड फाटकातून व्यवस्थित गेलं आणि मागची चाकं फुटपाथची रेघ पुसत आली. दुसऱ्या खेपेला तो लांबून वळला. या वेळी फुटपाथ वाचला, पण पुढचं तोंड काचेच्या दालनात दोन मीटर घुसलं. मालक उभा होता तिथून त्याला बाजूला उडी मारावी लागली. तिसऱ्या खेपेला चालकाने रस्त्यावरून उलटं आत यायचं ठरवलं. त्याला सहा वेळा पुढे-मागे करावं लागलं. मोजणीबाई घड्याळ बघत होती. अकरा मिनिटं. तेवढा वेळ खऱ्या चौकातली वाहतूक खोळंबली असती.

मास्तरांच्या चेहऱ्यावर विजय मावत नव्हता. "म्हणजे प्रकल्प रद्द," ते म्हणाले.

"रद्द कसा?" मोजणीबाई म्हणाली. "हे फाटक रद्द." ती चालकाकडे वळली. "दादा, तुम्ही असतात तर कुठे काढलं असतं?"

चालकाला असं कुणी कधी विचारलं नसावं. त्याने मान खाजवली, फक्कीची बादली स्वतःच उचलली आणि चालायला लागला. फाटक गल्लीपासून लांब, प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तोंड तिरपं ठेवलं, सहाचं नऊ मीटर केलं. दालनाची भिंत साडेतीन मीटर मागे घेतली. बाहेर पडायला वेगळी वाट दिली. मग तो ट्रेलरमध्ये चढला, आणि एका दमात आत जाऊन दुसऱ्या वाटेने बाहेर आला. एकही रेघ पुसली नाही. शिवणकामवालीने टाळी वाजवली आणि मग लाजून थांबली.

मालकाने जुन्या रेघेपासून नव्या रेघेपर्यंत पावलं टाकली. "काचेच्या आत बारा गाड्या बसणार होत्या. आता आठ."

"आठ," मोजणीबाई म्हणाली.

"आणि हे आज कळलं नसतं तर उद्घाटनाच्या दिवशी चौक बंद करून मी पेपरात आलो असतो." तो आर्किटेक्टकडे वळला. आवाज चढला नाही. "अठरा मीटर. लक्षात राहील ना आता?"

आर्किटेक्टने वहीत सगळी मापं उतरवून घेतली होती. तो म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी नकाशा काढायच्या आधी विचारायला येऊ का?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. ती म्हणाली, "दहानंतर या, आधी मी टपाल बघते."

सुधारित आराखडा तीन आठवड्यांत आला. वर्कशॉपच्या गच्चीवर रॅम्प चढवून चाळीस गाड्यांची जागा काढली होती, त्यात कर्मचाऱ्यांची आणि पार्टची वाट बघणाऱ्या गाड्यांची वेगळी नोंद. सुनावणीत साहेबांनी हरकती-सूचना एकेक करून वाचून दाखवल्या. मुदतीच्या शेवटच्या दिवशी आलेली एक सूचना वाचताना मोजणीबाईची मान वर गेली. तिच्या दिरांचं नाव, पत्ता, आणि बारीक अक्षरात दीड पान. कुठल्या दुरुस्तीला गाडी किती दिवस उभी राहते याचा वीस वर्षांचा हिशेब.

"हे लिहिणारा माणूस कोण?" मालकाने विचारलं.

"तुमच्याकडे अर्ज केलेला एक मेकॅनिक," साहेब म्हणाले. "आणि आमच्या बाईंचे दीर. तशी नोंद फाइलवर चाचणीच्या आधीपासून आहे."

मालकाने तो कागद मागून घेतला आणि पुन्हा वाचला. मास्तरांनी हवा आणि संस्कृतीचे मुद्दे मांडले, ते इतिवृत्तात घेतले गेले. गल्लीत शोरूमची एकही गाडी उभी राहणार नाही, अशी अट परवानगीत घातली गेली. मालकाने ती वाचून मान हलवली.

दिरांना नोकरी लागली. वर्कशॉप सांभाळायची नाही, त्याखालची. वरच्या जागेवर मालकाने कुणी अनुभवी बाई आणली होती. दीर म्हणाले, "वहिनी, ती माझ्यापेक्षा हुशार आहे, तक्रार करायला जागाच ठेवली नाही."

शोरूम सुरू होऊन महिना झाला तेव्हा मोजणीबाई नवऱ्याच्या दोन शर्टांच्या कॉलर उलटवायला शिवणकामवालीकडे गेली. गल्ली मोकळी होती. मुलं सायकली चालवत होती. तेवढ्यात चौकातून आठ मोटारी पाठीवर घेतलेला एक ट्रेलर आला, वेग कमी करून तिरप्या फाटकातून आत शिरला आणि दिसेनासा झाला. रस्त्यावरच्या कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. मोजणीबाईने पाहिलं, आणि तिला छाती जरा रुंद झाल्यासारखी वाटली.

"गाड्यांचा काही त्रास नाही हो," शिवणकामवाली कॉलर उसवत म्हणाली. "पण त्यांच्या पाटीचा दिवा. अंधार पडला की सगळा उजेड माझ्या यंत्रावर. काळा दोरा निळा दिसतो."

"किती उंचीवर आहे पाटी?"

"ते मला काय माहीत?"

मोजणीबाईने पिशवीतून टेप काढली, दुकानाच्या उंबऱ्यावर गेली आणि चष्मा नाकावर घेऊन वर बघायला लागली. "एक साधा अर्ज लिहा," ती म्हणाली. "दोन प्रती करा. एकीवर पोच घ्यायला विसरू नका."