मास्तरनं काढून टाकलेली खूण

एखाद्या बाईला तुम्ही ‘थंड’ म्हणता, तेव्हा नक्की काय तपासून म्हणता?

मास्तरच्या नवऱ्यानं काहीच तपासलं नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लिफ्ट अडली की आधी आत बॅटरी मारून बघणार, मग बोलणार. बायकोच्या बाबतीत मात्र बाहेरूनच निकाल देऊन मोकळा: “तू म्हणजे नुसता दगड.” या निकालाला एकवीस वर्षं झाली. दोन मुली झाल्या, पण अंथरुणात आपल्याला काही वाटत नाही म्हणजे आपल्यातच खोट आहे, हे तिनंही मुकाट्यानं मान्य केलेलं. खरंच खोट आहे का, एवढं कुणीतरी ठामपणे सांगावं, अशी तिची फार इच्छा होती. पण विचारणार कुणाला?

मास्तर हे टोपणनाव. सात बायकांच्या शिवणकामाच्या कारखान्यात कापड बेतायचं आणि कापायचं काम तिचं. तिच्या कात्रीपुढं कुणाची बोलायची टाप नव्हती.

एकदा आरोग्य केंद्रातली सिस्टर एक कागद घेऊन आली. बायकांच्या वर्गात दाखवायला कापडी नमुने हवे होते, बारा. बाईच्या अंगाचे, मांड्यांमधल्या भागाचे. कागदावर चित्र होतं.

कारखान्यात हसून हसून मुरकुंडी वळली.

“मास्तर, याला अस्तर लावायचं का?”

“माप कुणाचं घेणार, तुझं?” काजं करणारीनं विचारलं.

“तुझ्या सासूचं,” मास्तर म्हणाली आणि कापड पसरलं.

बाहेरच्या पाकळ्यांना मऊ गुलाबी कापड, आतल्यांना साटीन, योनिमार्गाला आत वळवलेली कापडी नळी, तिच्या वर लघवीच्या जागेचं बारीक छिद्र. त्याच्याही वर, आतल्या पाकळ्या जिथं मिळतात तिथं, चित्रात एक ठिपका होता. मास्तरच्या धंद्यात कागदावरचा ठिपका म्हणजे खूण. दोन तुकडे कुठं जुळवायचे ते सांगणारी. तिनं बाराही नमुन्यांवर त्या जागी पांढऱ्या दोऱ्याचा टाका घातला, पाकळ्या जुळवल्या आणि शेवटी शिरस्त्याप्रमाणे बाराही टाके उसवून टाकले. तयार मालावर खूण दिसली तर तो कसला कारागीर?

सिस्टर माल न्यायला आली. एक नमुना हातात घेऊन उलटसुलट फिरवला.

“मास्तर, शिश्निका कुठाय?”

“ती कोण?”

सिस्टरनं कागदावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“ती खूण होय? काढून टाकली. काम झाल्यावर ठेवत नाही आम्ही.”

सिस्टरला आधी हसू फुटलं. मग मास्तरचा चेहरा बघून तिनं स्टूल ओढलं आणि पिशवीतून दुसरा कागद काढला. बाहेर दिसतं ते फक्त टोक, ती म्हणाली. बाकीची शिश्निका आत असते. दोन्ही बाजूंना मागं जाणारे दोन पाय, योनिमार्गाला कवेत घेणारे दोन फुगीर भाग. मन रमलं की त्यात रक्त भरतं.

“केवढी?” मास्तरनं टेप उचलली.

“सगळी मिळून साडेतीन-चार इंच.”

“आणि तिचं काम काय?”

“सुख देणं. दुसरं काही नाही.”

मशीनं थांबली होती. मास्तर टेप गुंडाळत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, “समजा एखाद्या बाईला... नुसत्या आतल्या वाटेनं काहीच होत नाही. मग?”

“बऱ्याच जणींना नुसत्या तेवढ्यानं होत नाही. खोट नाही ती, मास्तर. जिथं हात लावायला हवा, तिथं कुणी लावलेलाच नसतो.”

“माझंही तसंच आहे गं,” मागून काजं करणारी म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

बारा नमुने उसवून शिश्निकेसकट पुन्हा शिवले गेले. तेरावा मास्तरनं स्वतःसाठी शिवला, आतल्या पायांसकट, आणि संध्याकाळी मुली क्लासला गेल्यावर नवऱ्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला.

“हे काय आणलंस?”

“माझं अंग. बघून घ्या. आजवर बघितलं नाहीत.”

तो लाजला, मग चिडला, मग नमुना हातात घेतला. तिनं ठिपक्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं, नव्या मुलीला कटिंग शिकवावं तसं. तो बराच वेळ आतले पाय चाचपत राहिला.

“मला हे कुणी सांगितलंच नाही.”

“मलाही नाही. पण मी तुम्हाला दगड म्हणाले नाही.”

“चुकलं माझं.”

“चुकलंच.”

त्यानंतर सगळं आपोआप सुरळीत झालं, असं कुणी समजू नये. त्याला विचारायची सवय नव्हती, तिला सांगायची. काही महिने गेले. आधी तिनं एकटीनंच, सावकाश, आपल्या अंगाची ओळख करून घेतली. एका दुपारी उत्तर मिळालं. पंचेचाळिसाव्या वर्षी तिला कळलं की आपल्यात कसलीही खोट नव्हती. पहिल्यांदा आनंद झाला नाही. राग आला, एकवीस वर्षांचा.

बाई, तुम्हालाही कुणी असंच काही म्हणालं असेल, तर दाराला कडी लावा, हातात आरसा घ्या आणि एकदा स्वतःकडं नीट बघा.