चाचांच्या कॅसेटवर उमटलेली अक्षरं

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. बायको म्हणते, देव समोर उभा राहिला तरी हा माणूस आधी मल्टीमीटर लावेल. तरी हे लिहितोय... कारण न लिहिणं कृतघ्नपणाचं होईल.

२००२-०३ ची गोष्ट. मला तेव्हा शॉर्टवेव्हचं भारी वेड. काही केंद्रं रेडिओवरून मजकूर आणि चित्रं पाठवायची. कानाला नुसती चिवचिव, पण तोच आवाज कॉम्प्युटरला दिला की सॉफ्टवेअर त्यातून अक्षरं काढायचं. माझा रेडिओ गावी, तुडीलला घरी आणि कॉम्प्युटर महाडात मित्राच्या दुकानात. म्हणून घरी चिवचिव कॅसेटवर भरायची आणि दुकानात नेऊन वाजवायची – असले माझे उपद्व्याप.

अशातच एका आठवड्यात शेजारच्या हमीदाचाचीने मला एक कॅसेट दिली होती. युसुफचाचा नोकरीला कुवेतला गेले ते तिकडेच वारले. त्यांनी पत्राऐवजी बोलून पाठवलेली ती एकुलती एक कॅसेट.

"याची सीडी करून दे रे," चाची म्हणाली होती. "त्यांचा दुसरा आवाज नाय माझ्याकडं."

रविवारी सकाळी घाईघाईत मी तीच कॅसेट टेपमध्ये घातली आणि चाचांच्या बोलण्यावर अर्धा तास चिवचिव भरली. दुकानात पोचल्यावर लक्षात आलं. कुठेतरी चाचा उरले असतील या वेड्या आशेने कॅसेट कॉम्प्युटरला जोडून वाजवली. स्पीकरमधून फक्त चिवचिव. पण स्क्रीनवर इंग्रजी बातम्यांच्या जागी रोमन अक्षरांत आपली मराठी उमटत होती... "हमीदा, सलाम. घर शाकारलंस का? काळी शेळी व्याली का?"

ती कॅसेट मी तोवर एकदाही ऐकली नव्हती.

प्रिंट काढली, तुडीलला आलो आणि चाचीसमोर सगळं कबूल केलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "वाच."

मी वाचू लागलो. चाचीला सगळं पाठ, माझ्या आधी तिचेच ओठ हलत होते. "निघताना जेवलो नाय त्याचं म्हणशील तर..." इथे ती थांबली. माझ्याकडे बघायला लागली.

"हितं टेपनं पट्टी खाल्लीय. पयल्याच दिवशी. फुडं काय बोलले ते मला कधी कळलंच नाय. मी समजले, रागानंच उठले ताटावरनं."

प्रिंटवर पुढे होतं. मी वाचलं, "...राग नव्हता गो. घास उतरंना. तुझ्यासमोर रडलो असतो तर जाणं झालं नसतं."

चाची पदर तोंडाला लावून रडली, आणि खरं सांगतो, मीही रडलो. मी माफी मागायला लागलो तशी माझा हात धरून म्हणाली, "आवाज काय, माझ्या कानात हाय रे. ह्ये नव्हतं."

नंतर तीच कॅसेट मी कितीदा तरी वाजवून पाहिली. दर वेळी इंग्रजी बातम्या आणि शेवटी हवामानाचा एक नकाशा, बस्स. कुठलंही सॉफ्टवेअर पुसलेल्या बोलण्याची अक्षरं करत नाही, आणि टेपने चावलेल्या पट्टीवरची तर नाहीच. हे मी चारचौघांत छातीठोकपणे सांगेन. मग ते आलं कुठून? मला आजही माहीत नाही. माझ्या हातून एका बाईचं केवढं नुकसान झालं होतं, ते कुणीतरी भरून दिलं. कुणाचे आभार मानायचे ते कळत नाही, म्हणून नाव न घेताच हात जोडतो.