बोकडाचा मेंदू आणि बाबांचे हात

किहीमला वीज आली त्या सुमारास मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या एका डॉक्टरांनी बंगल्यातच प्रयोगशाळा थाटली. कवटीला बारीक खिडकी पाडायची आणि कानाला ऐकू न येणारा आवाज मेंदूच्या एकाच जागी सोडायचा, असं त्यांचं यंत्र होतं. त्यानं हातांचं कापरं थांबेल, अशी त्यांची आशा. पण आधी बोकडांवर बघायचं होतं. त्या मेंदूंचे पातळ काप काढून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली इजा शोधायची, ही माझी नोकरी.

कापरं आमच्या घरातच होतं. नागावला सुपारीची वाडी असून बाबांना अडकित्ता धरवत नव्हता.

"बाय, माज्या डोक्याला लाव की त्यो आवाज," ते म्हणायचे. "खिडकी पाड, न्हायतर दरवाजा पाड."

पहिल्याच कापांत पेशी काळवंडून आक्रसलेल्या दिसल्या. मला रडूच आलं. पण मी हट्टी. जिथं आवाज पोचलाच नव्हता ती बाजूही कापून पाहिली, तर तिथंही तेच. मग पुढचा बोकड उघडताना जाऊन उभी राहिले. बोकड कापायला बोलावलेले गावातले खाटीकमामा तव्यावर टाकायचा भेजा काढावा तसा, गरम असतानाच, बोटांनी दाबत मेंदू काढत होते. मऊ मेंदू असा दाबला की पेशी आक्रसणारच.

त्यानंतर आम्ही आधी शिरांतून फॉर्मलिन सोडू लागलो आणि मेंदू कवटीतच घट्ट झाल्यावर काढू लागलो. भेजा नासवला म्हणून मामा कुरकुरले. काप मात्र स्वच्छ आले. मी ओसरीवर चक्क फुगडी घातली, एकटीनंच.

मग डॉक्टरांनी आवाजाचा जोर वाढवला. कापरं थांबवायचं तर तेवढा लागेल, असा त्यांचा अंदाज होता. या वेळी ठरवलेल्या जागेच्या पल्याडही पेशी मेल्या होत्या, रक्त झिरपलं होतं. दुसरी बाजू स्वच्छ होती, त्यामुळे खाटीकमामांवर ढकलायचीही सोय उरली नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं, की तुमच्या डोक्याला मी हे लावू देणार नाही.

"बोकडाचं डोकं बिघडलं, माजं न्हाय ना?" बाबा म्हणाले. "हात हलतो तो हलू दे. चल, बाजारला जायचं हाय, सदऱ्याची बटणं लाव."

मी लावली. ते होते तोवर रोज लावली, आणि रोज ते काहीतरी बोलून मला हसवायचे.