बंद केलेली चाचणी

जळोचीच्या फरहीनचं डोकं लवकर तापतं, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या सोमवारी ती दीपकच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिली, तेव्हा आजूबाजूच्यांचे कीबोर्ड आपोआप थांबले.

"माझी चाचणी तुमी बंद केलीत?"

दीपक टीमचा लीड. त्यानं मान वर केली नाही. "तात्पुरती. ॲपची नवी रिलीज अडकत होती."

बारामतीतल्या त्या छोट्या कंपनीत फरहीन टेस्टर होती. इंजिनीअरिंगला असताना बाकीच्यांना प्रोग्राम लिहायचे असत, हिला दुसऱ्याचा प्रोग्राम मोडून बघण्यात मजा वाटे. तेच पुढं पोटाचं काम झालं.

कंपनीनं इंदापूर तालुक्यातल्या एका पशुसेवा संस्थेसाठी ॲप केलं होतं. शेळ्यामेंढ्यांना लस द्यायची गाडी गावात यायच्या आधी घरोघर फोनवर निरोप जायचा, आणि गाडीही त्याच घरांवर जायची. प्रोग्राम घरांच्या यादीवरून एकेक करत पुढं सरकायचा. कुणी जनावरं विकली असली, तर त्याचं घर चालता चालताच यादीतून काढून टाकायचा. पण ज्या यादीवरून चाललोय तीच मध्येच कापली, की प्रोग्राम कोसळायचा. दीपकनं त्यावर तोडगा काढला. घरं क्रमांकानं घ्यायची. कोसळणं थांबलं खरं, पण एक घर काढलं की मागची सगळी घरं एकेक जागा पुढं सरकत, आणि मोजणी मात्र पुढच्या क्रमांकावर गेलेली असे. सरकून आलेल्या घराकडं कुणी बघतच नसे. चूक कुठं दिसायची नाही, पडद्यावर सगळं गोड.

फरहीननं रिकामी यादी देऊन बघितली, एकाच घराची देऊन बघितली. मग मधलं घर काढायची, प्रत्येक रिलीजआधी आपोआप चालणारी चाचणी लिहिली आणि ती नापास झाली. "सर, काढलेल्या घराच्या शेजारचं घर गळतंय," तिनं सांगितलं. दीपक म्हणाला, "नंतर बघू."

आणि आता कळस गावाहून बानूबाईची तक्रार आली होती. फोनवर निरोप नाही, गाडी गावात येऊन गेली, तिच्या दारात आलीच नाही, लस न मिळाल्यानं कोकरं मेली. कंपनीच्या मदत कक्षानं तिला उत्तर दिलं होतं, तुमचाच फोन बंद असेल.

"पोरगं नापास होतंय म्हणून पेपरच फाडायचा?" फरहीनचा आवाज चढला. "वर त्या बाईलाच खोटं पाडायचं?"

"आवाज खाली कर," दीपक म्हणाला.

तिनं केला नाही. पर्स उचलली आणि स्कूटी काढून थेट कळस गाठलं.

बानूबाईच्या घरची माणसं एके काळी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायची. आता थोडी शेती आणि गोठ्यात थोडी जनावरं. फरहीन कंपनीतली आहे हे कळताच म्हातारी कडाडली.

"शेजारच्या मानसिंगानं बकरी इकली, त्याच्याकडं गाडी न्हाय आली, समजलं. माझ्याकडं का न्हाय?"

"आजी, त्यांचं नाव काढलं आन् तुमचं गळलं. चूक आमच्या प्रोग्रामची हाय. तुमचा फोन बंद नव्हता."

"तुला आधी ठाऊक हुतं?"

"व्हय. सायबाला सांगितलं हुतं."

"सायबाला सांगितलंस. मला न्हाय सांगितलंस."

फरहीननं स्कूटी वळवली. परतीच्या वाटेवर तिला दीपकचा राग येत होता, आणि 'नंतर बघू' ऐकून आपण जागेवर जाऊन बसलो, याचा त्याहून जास्त.

ऑफिसात येऊन तिनं चाचणी पुन्हा चालू केली आणि मालक यशराजला बोलावून पडद्यावर नापास म्हणून लाल झालेली ओळ दाखवली. "ही हिरवी होईस्तवर माझी कशालाच मंजुरी न्हाय." यशराजनं दीपकला आजच दुरुस्त करायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत दीपकनं कोड बदलला. यादीवरून चालणारा जो भाग, त्या इटरेटरलाच घर काढायला सांगितलं, म्हणजे त्याची जागा चुकत नाही. चाचणी पास झाली. गळालेली घरं शोधून संस्थेला कळवली आणि गाडी पुन्हा निघाली.

नंतर इंदापूरला संस्थेच्या लोकांसमोर बैठक झाली. दीपक उठून म्हणाला, "आमच्या टीमनं चूक वेळेत पकडली."

फरहीन ताडकन उभी राहिली. "वेळेत न्हाय. चूक आधीच सापडली होती. ती दिसू नये म्हणून चाचणी बंद केली. कळसच्या बाईंचा फोन चालू होता. त्यांची कोकरं आमच्यामुळं मेली."

यशराजनं कपाळाला हात लावला, पण तिला बस म्हणाला नाही. थोड्या वेळानं त्यानंच बानूबाईची माफी मागायचं कबूल केलं.

दीपक आता तिच्याशी कामापुरतंच बोलतो. चाचणी बंद करायची झाली तर आधी तिला विचारावं लागतं, आणि विचारताना त्याचा जबडा आवळलेला असतो. ती बहुतेक वेळा नाही म्हणते.